‘वजन किती?’ हे न विचारणाऱ्याला मी ४०,१५० रुपये दिले

४०,१५० रुपये. माझ्या मारुती जिम्नी गाडीच्या चार कॉइल स्प्रिंगसाठी मी एवढे मोजले आणि हातात आल्या त्या जुन्या, तापवून ओढलेल्या, वरून काळा रंग मारलेल्या स्प्रिंग. १०,००० आगाऊ, १,६५० ट्रान्सपोर्टचे आणि २८,५०० माल बघून झाल्यावर. हा शेवटचा आकडा मला झोपू देत नाही. तो पाठवला तेव्हा माल माझ्यासमोर टेबलावर होता आणि हातात जाडी मोजायचा व्हर्नियर होता.

असे लोक कसे गंडवतात हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. स्वस्त भाव, ‘शेवटचा सेट’, ‘आज रात्रीपर्यंत’. हे सगळं मलाही माहीत होतं. मी कुठली लिंक उघडली नाही, कुणाला ओटीपी दिला नाही. व्हिडिओ मागवला, बिल मागितलं, पूर्ण पैसे आधी द्यायला नकार दिला. आळशीपणे फसलो असं कुणी म्हणू नये. तरीही फसलो, म्हणूनच हे लिहितोय.

गाडी पाच दारांची. घेतल्यावर काही महिन्यांनी दोन इंच उचलली. नंतर पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), वर कॅरियर, मागे सामानाचे ड्रॉवर. वजन वाढत गेलं तशी गाडी नाकावर बसत गेली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप पुढून ३२ मिमीने कमी झालं होतं. (हे माप असंच घ्या. जमिनीपासून घेतलं तर टायरमधल्या हवेनं बदलतं.) पावसाळ्याआधी स्प्रिंग बदलणं भाग होतं. ट्रेलवर ओळख झालेल्या एकाने या विक्रेत्याचा नंबर दिला. परदेशी कंपनीचा हेवी ड्यूटी सेट, गाडी ५० मिमी उचलणारा, तारेची जाडी १३ मिमी, किंमत ३८,५००. बाकी ठिकाणी मला ५४,०००च्या खाली कुणी बोलत नव्हतं.

फोनवर आम्ही तीनदा बोललो. त्याने रंग विचारला, पिनकोड विचारला, गाडीचे फोटो मागितले आणि ‘सर, एक नंबर दिसणार’ म्हणाला. वजन मात्र विचारलं नाही. एकदाही नाही. विंच आहे का, बंपर लोखंडी की अॅल्युमिनियमचा, मागे कायम किती सामान असतं, चार माणसं बसतात की दोन, काहीच नाही. मी तिथेच फोन ठेवायला हवा होता. स्प्रिंगची उंची वजनावर ठरते. रिकाम्या गाडीला ५० मिमी उचलणारी स्प्रिंग लादलेल्या गाडीला २० मिमीसुद्धा देणार नाही. माझा बंपर आणि विंच मिळून ६८ किलो, म्हणजे एका स्प्रिंगवर ३४. मिलिमीटरला २ किलोची (म्हणजे २ किलोला १ मिमी दबणारी) स्प्रिंग असेल तर ती एवढ्यानेच १७ मिमी दबते. शिवाय हे वजन अॅक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) पुढे लटकतं, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्तच. हे गणित मला तेव्हाही येत होतं. तो विचारत नाही म्हणजे ‘हेवी ड्यूटी’त सगळं आलंच असेल, अशी मी माझी समजूत घातली.

दुसरी गोष्ट तीन दारांची. पाच दारांची जिम्नी आपल्याकडे जून २०२३ मध्ये आली. जगभर मात्र तीन दारांची २०१८ पासून धावते आणि बाहेरच्या बऱ्याच स्प्रिंग तिच्या हिशोबाने बनलेल्या आहेत. तिचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २,२५० मिमी, आपला २,५९०, आणि आपली गाडी जवळजवळ १०० किलोने जड. ‘जिम्नीला बसते’ हे उत्तरच नाही. कुठल्या जिम्नीला, किती वजनाला, पुढची की मागची, हे लेखी घ्या. काही कंपन्या ड्रायव्हरच्या बाजूची स्प्रिंग वेगळ्या उंचीची देतात, म्हणजे डावी-उजवीसुद्धा विचारा. मी विचारलं होतं. ‘सगळ्या सेम आहेत सर, टेन्शन नको’ असं उत्तर मिळालं.

आणि त्याने माझ्या जुन्या स्प्रिंग मागितल्या होत्या! ‘पाठवून द्या, दोन हजार कमी करतो.’ मला तो भला माणूस वाटला. त्या त्याला कशाला हव्या होत्या, ते नंतर कळलं.

आता ती रात्र. खोकं संध्याकाळी आलं. ठरल्याप्रमाणे माल तपासून उरलेले पैसे द्यायचे होते. उघडताच ताज्या रंगाचा वास आला. टोकांच्या वेढ्यांमध्ये रंगाचे ओघळ साचले होते. पार्ट नंबर स्टिकरवर होता, तोही ताज्या रंगावर चिकटवलेला. लांबी मोजली, सांगितल्याएवढी भरली, जीव भांड्यात पडला. मग तार मोजली. व्हर्नियरवर १२.४. पुन्हा मोजली. १२.४. दुसऱ्या स्प्रिंगवर १२.३. रंगाचा थर धरला तर तार जाड दिसायला हवी होती, इथे ती सांगितल्यापेक्षा बारीक होती. मला कळायला एवढं पुरेसं होतं. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. वेढे आणि व्यास तेच ठेवून १२ मिमीची तार १३ केली तर स्प्रिंग जवळजवळ ३८ टक्के कडक होते. अर्धा मिलिमीटर इथे किरकोळ नसतो. तेवढ्यात त्याचा फोन आला, ‘सर, आज रात्री पेमेंट झालं नाही तर उद्यापासून नवीन रेट, मग मला बोलू नका.’ शनिवारी ट्रिप ठरली होती, गॅरेजची वेळ घेतली होती. व्हर्नियर स्वस्तातला आहे, चुकत असेल, असं मी मनाला सांगितलं आणि ९ वाजून ४० मिनिटांनी २८,५०० पाठवले. युपीआयवर नाव दुकानाचं नव्हतं, एका माणसाचं होतं. तेही दिसलं होतं.

बसवायला ५,००० लागले, अलाइनमेंटला १,२००. पहिल्या दिवशी पुढून गाडी ३८ मिमी वर आली आणि मी त्याला आभाराचा मेसेज केला. नऊ दिवसांत डावीकडची ही वाढ ११ मिमीवर आली. एकोणिसाव्या दिवशी उजवी बाजू जुन्या स्प्रिंगपेक्षाही १४ मिमी खाली होती. ताम्हिणी घाट उतरताना ब्रेक मारला की गाडी उजव्या नाकावर जायची आणि प्रत्येक खड्ड्यात अॅक्सल बंप स्टॉपवर (शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबरावर) आदळायचा. बायको आणि मुलगी गाडीत होत्या. पैशाचं दुःख एक वेळ बाजूला ठेवीन, पण त्या उतारावर काय झालं असतं हे मनातून जात नाही.

मिस्त्रींनी स्प्रिंग काढली आणि पॉलिश पेपरने रंग घासला. खाली गंजाचे खड्डे. रंगाशिवाय तार १२ मिमी. मधल्या वेढ्यांतली अंतरं कमी-जास्त. ‘साहेब, ही तापवून ओढलेली आहे. भंगारातून आली असणार.’ स्प्रिंगचं पोलाद ठरावीक तापमानाला कडक करून मग पुन्हा बेताने तापवून टेंपर केलेलं असतं. लाल होईपर्यंत तापवून ओढलं की लांबी वाढते, त्यामुळे टेपवर माप बरोबर येतं. पण कडकपणा तेवढाच राहतो आणि टेंपर निघून जातो. मग गाडीच्या वजनाखाली ती बसते ती पुन्हा उठत नाही. नुसत्या लांबीवर कधीही भरवसा ठेवू नका. टोकाच्या वेढ्यावर, जिथे दिसत नाही तिथे, रंग खरवडून बघा. विकणाऱ्याला राग आला तर येऊ दे. आणि जुन्या स्प्रिंग कुणाला बदल्यात देऊ नका, भंगारात द्यायच्या तर कापून द्या.

माझ्या जुन्या मी ठेवल्या होत्या. त्या परत बसवायला ४,५००, फाटलेले बंप स्टॉप १,४००. एकूण ५२,२५० गेले.

पुढचा महिना मी फक्त उंबरठे झिजवले. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावला, तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. आठ दिवसांनी कळलं की माल मिळालेला असल्याने हे सायबरमध्ये बसत नाही, पोलीस ठाण्यात जा. ठाण्यात गेलो तर ‘माल मिळाला ना? मग ही दिवाणी बाब आहे, ग्राहक न्यायालयात जा.’ अहो, सांगितला तो माल मिळालाच नाही! विकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की या स्प्रिंग भंगारातल्या आहेत. खोटं सांगून पैसे काढायला लावणं म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधली फसवणूक नाही तर काय? मी छापून नेलेला कागद त्यांनी उलटा करून ठेवला. वर मलाच प्रश्न, ‘गाडी उचलायची परवानगी घेतली होती का? मोटार वाहन कायदा कलम ५२ माहीत आहे का?’ माहीत आहे. कंपनीने दिलेल्या रचनेत परस्पर बदल केला तर मालकावर दर बदलामागे ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हेही माहीत आहे. त्यासाठी मला दंड करा, मी भरतो. पण माझी गाडी दोन इंच उंच आहे म्हणून मला लुटणारा सुटतो कसा? चार हेलपाटे घातले आणि चारही वेळा साहेब बंदोबस्तावर. तक्रारअर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून द्यायलासुद्धा त्यांना आठवडा लागला.

बँक म्हणाली, पिन तुम्ही स्वतः टाकला. ट्रान्सपोर्टवाल्याने पाठवणाऱ्याचा पत्ता द्यायला नकार दिला, पोलिसांचं पत्र आणा म्हणाला. पोलीस म्हणाले, गुन्हा दाखल असेल तर पत्र देऊ. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरून त्या विक्रेत्याला निरोप गेला, उत्तर आलं नाही, तक्रार बंद झाली. मला फक्त एसएमएस आला की आपल्या समाधानासाठी तक्रार निकाली काढण्यात आली आहे. माझ्या समाधानासाठी!

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात स्वतःच अर्ज केला. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही आणि २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दोन वर्षांची मुदत असते, ती घालवू नका. माझी पहिली नोटीस ‘पत्ता अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत आली. बिलावरचा जीएसटी क्रमांक तेव्हा कुठे जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहिला. तो एका कापड दुकानाचा निघाला, तोही रद्द झालेला. हे तपासायला दोन मिनिटं लागतात आणि पैसे पडत नाहीत. मी ते १०,००० पाठवायच्या आधी केलं नाही. बिलाच्या डोक्यावरही ‘टॅक्स इन्व्हॉइस’ नव्हतं, ‘एस्टिमेट’ होतं.

नवा सेट मी नंतर दुसरीकडून घेतला. त्या माणसाने किंमत सांगायच्या आधी मला वजनकाट्यावर पाठवलं. टाकी भरून, सामान लादून, आधी पुढची चाकं, मग मागची. पुढे ७९०, मागे ७१० किलो भरले. मग म्हणाला, तुम्हाला पुढे एक आणि मागे वेगळ्या कडकपणाची लागेल, शॉकअपची लांबीही बघू, कारण चाक खाली लोंबलं की स्प्रिंग बैठकीतून सुटता कामा नये. प्रत्येक स्प्रिंगचा आकडा त्याने मिलिमीटरला किती किलो असा कोटेशनवर लिहून दिला.

त्या चार स्प्रिंग पुरावा म्हणून पोत्यात बांधून ठेवल्या आहेत. आयोगाची पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे. विक्रेत्याने नंबर आणि नाव बदललंय, पण जाहिरातीतला फोटो तोच आहे: पिवळसर फरशीवर चार काळ्या स्प्रिंग उभ्या, शेजारी टेप, आणि उजव्या कोपऱ्यातली टाइल तडकलेली. गेल्या रविवारी तो थारच्या स्प्रिंग म्हणून फिरत होता.