विमानसेवा चांगली, पण व्यवस्थापन आणि कर्मचाऱ्यांत संवाद हवा
सोलापूरहून पुणे गाठून विमान पकडणाऱ्या माझ्यासारख्यांना या कंपनीच्या वेळा सोयीच्या आहेत. मात्र कर्मचारी संघटनेशी वाद चिघळल्यावर ‘अपरिहार्य कारणास्तव उड्डाण रद्द’ एवढाच संदेश पाठवून व्यवस्थापन मोकळे झाले आणि चिडलेल्या प्रवाशांची बोलणी काउंटरवरच्या तरुण मुलीला निमूटपणे खावी लागली, हे मला फार खटकले. मे 2024 मध्ये दुसऱ्या एका कंपनीत, एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये, केबिन कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी आजारपणाची रजा घेतली, तेव्हा मुख्य कामगार आयुक्तांच्या कार्यालयात दोन्ही बाजू समोरासमोर बसल्यावरच बडतर्फ केलेल्या सुमारे 25 जणांना परत घेण्याचे ठरले. अशी चर्चा उड्डाणे रद्द होण्याआधीच व्हायला हवी. परतावा वेळेत मिळाला, तरी पाचपैकी तीनच गुण.