पोडियमवरची केबिन आणि माझे २१,०२,००० रुपये

एका आलिशान टॉवरमधील ‘वर्क फ्रॉम होम केबिन’च्या नावाखाली माझ्याकडून २३,००,००० रुपये घेण्यात आले. त्यातले १,९८,००० रुपये, करकपात वजा जाता, ‘भाडे’ म्हणून माझे मलाच परत मिळाले आणि उरलेले २१,०२,००० रुपये अजून अडकलेले आहेत. तक्रार प्रलंबित असल्याने वकिलांच्या सल्ल्यानुसार टॉवरचे, शहराचे आणि विकासकाचे नाव मी देत नाही. कागदपत्रांचा तपशील मात्र पूर्ण देतो, कारण नावे बदलतात, कागद बदलत नाहीत.

अशा योजनांत सुरुवातीचे हप्ते वेळेवर येतात आणि मग बंद पडतात, हे सांगायला नको. येथे वेगळे होते ते आमिष. २०२१ च्या अखेरीस कार्यालये अर्धी रिकामी होती, घराघरांत दोन लॅपटॉप आणि एक ऑनलाइन शाळा चालू होती, आणि २०२५ नंतर एका वेळी २५ टक्क्यांपेक्षा जास्त कर्मचारी कार्यालयात लागणार नाहीत असे टीसीएसने २०२० मध्येच जाहीर केले होते. त्या बातमीचे कात्रण विक्री कार्यालयातील टेबलावर काचेखाली ठेवलेले होते. युक्तिवाद असा, की कार्यालयांच्या इमारती ओस पडणार, कोट्यवधींचा फ्लॅट घेणाऱ्यालाही शयनगृहात बसून मीटिंग करणे नको असते, म्हणून यापुढे प्रत्येक टॉवरच्या पोडियमवर, म्हणजे पायथ्याच्या मजल्यांवर, भाड्याच्या केबिन असणारच. तो युक्तिवाद मूर्खपणाचा होता असे मला आजही वाटत नाही. बँकेतील मुदत ठेवीवर तेव्हा जेमतेम साडेपाच टक्के व्याज मिळत होते. निवृत्त माणसाने येथे देऊ केलेल्या वर्षाला १२ टक्क्यांचा विचार केला म्हणून त्याला हावरट म्हणणाऱ्यांनी एकदा त्या व्याजात घर चालवून पाहावे.

केबिन ९६ चौरस फुटांची आणि किंमत २६,००,००० रुपये ठरली. बुकिंगला १,५१,००० रुपयांचा धनादेश दिला, नंतर १४,४९,००० रुपये आरटीजीएसने भरले. भरलेल्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे दरमहा १६,००० रुपये, ‘ॲश्युअर्ड रेंटल’, म्हणजे हमीचे भाडे, जानेवारी २०२२ पासून सुरू झाले. अंतर्गत सजावट पूर्ण व्हायची होती. तोवरचे भाडे केबिन चालवणारी संस्था स्वतःच्या खिशातून देणार होती. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या, कलम १३ नुसार नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आगाऊ रक्कम घेता येत नाही, हे मला माहीत होते आणि मी ते विचारलेही. उत्तर मिळाले की ही विक्री नाही, ३० वर्षांचा वापरहक्क आहे, त्यामुळे मुद्रांक शुल्कही वाचते. करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून दिला गेला. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्रात साधा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करारसुद्धा नोंदवावा लागतो. मग ३० वर्षांचा हक्क नोटरीवर कसा चालेल, हा प्रश्न तेथेच विचारून उठायला हवे होते. पावतीवर विकासकाचे नाव नव्हते, एका ‘फॅसिलिटी’ एलएलपीचे, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थेचे, होते. महारेराचा, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियामकाचा, नोंदणी क्रमांक फलकावर एकाचा आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात, असे दिसले की चेकबुक बंद करा.

पण ज्या क्षणाने माझी झोप उडवली आहे तो याहून नंतरचा आहे. जुलै २०२२ मध्ये आयकर विवरणपत्र भरताना मी २६एएस, म्हणजे आपल्या नावे कापलेल्या कराचा आयकर खात्याकडील उतारा, उतरवून घेतला. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांच्या ४८,००० रुपयांवर ४,८०० रुपये टीडीएस कापलेला होता आणि त्यापुढे कलम लिहिले होते १९४ए. भाड्याचे कलम तेव्हा १९४आय होते. १९४ए व्याजासाठी होते. शिवाय त्या काळात वर्षाला २,४०,००० रुपयांपर्यंतच्या भाड्यावर टीडीएस लागतच नव्हता आणि माझे भाडे वर्षाचे १,९२,००० होत होते. याचा अर्थ सरळ होता: आपण भाडेकरू आहोत असे मला सांगणारी एलएलपी आयकर खात्याला मात्र मी तिला कर्ज दिले असून ती मला व्याज देत असल्याचे कळवत होती. केबिन नव्हती, भाडेकरू नव्हता, होती फक्त माझी ठेव. सगळी नोकरी लेखा विभागात केलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर ती ओळ होती. मी फोन केला. ‘सर, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तेच कलम आपोआप येते, पुढच्या तिमाहीत दुरुस्त करतो,’ असे उत्तर आले, आणि मी ते उत्पन्न विवरणपत्रात घरभाडे म्हणून दाखवले. ऑगस्टमध्ये, ‘दर वाढण्याआधी’ म्हणून, आणखी ७,००,००० रुपये भरले. माझ्या बाजूने एवढेच म्हणता येईल की तोपर्यंत एकही हप्ता एक दिवससुद्धा उशिरा आला नव्हता.

सप्टेंबरपासून २३,००० रुपये येऊ लागले आणि डिसेंबरनंतर काहीच आले नाही. कारण सांगितले गेले की लोक कार्यालयात परतू लागले, मागणी घटली. ही थाप नीट समजून घ्या. टीसीएसने कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस परत बोलावले ते ऑक्टोबर २०२३ मध्ये. माझे पैसे त्याच्या कितीतरी आधी थांबले होते. आणि सारे जग घरून काम करत राहिले असते तरी निकाल हाच लागला असता, कारण त्या जागेत केबिन होऊच शकत नव्हत्या. मंजूर नकाशा महारेराच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. माझ्या केबिनच्या जागी तेथे ‘फिटनेस सेंटर’ लिहिलेले आहे. फिटनेस सेंटर, सोसायटीचे कार्यालय अशा जागा चटईक्षेत्राच्या मोजणीतून वगळून मंजूर होतात, त्या सर्व रहिवाशांच्या सामाईक असतात आणि विकासकाला त्या सुट्या विकता येत नाहीत. सामाईक पार्किंगची जागा विकासकाला विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच नहालचंद प्रकरणात सांगितलेले आहे. ‘विक्री नव्हे, वापरहक्क’ ही भाषा कशासाठी होती, ते तेव्हा उमगले.

आता सरकारी दारांविषयी. नियामकाच्या कार्यालयात सांगण्यात आले की केबिन हे नोंदणीकृत युनिट नाही, एलएलपी ही प्रवर्तक, म्हणजे प्रकल्पाची विकासक, नाही, म्हणून मी ‘अलॉटी’, म्हणजे कायद्याने मानलेला खरेदीदार, नाही. म्हणजे ज्याने कायदा टाळून विकले त्याला कायदा लागू नाही, आणि ज्याला विकले त्यालाही नाही! बांधकाम परवानगीच्या कार्यालयाने तर लेखी कळवले की वापरात कोणताही बदल आढळला नाही, कारण जागेवर केबिन बांधलेल्याच नाहीत. माझी तक्रार नेमकी तीच होती. पोलीस ठाण्यात ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ हे वाक्य माझा अर्ज उघडण्याआधीच उच्चारले गेले. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा ललिता कुमारी निकाल मी पुढे केला, तर त्याच निकालातील व्यापारी व्यवहारांत प्राथमिक चौकशीची मुभा मलाच वाचून दाखवण्यात आली. ती चौकशी सुरू मात्र झाली नाही. एलएलपीच्या खात्याची माहिती आणा असे पोलिसांनी सांगितले, आणि पोलिसांचे पत्र असल्याशिवाय माहिती देता येणार नाही असे बँकेने. आर्थिक गुन्ह्यांच्या विभागाने रक्कम त्यांच्या मर्यादेत बसत नसल्याचे सांगून मला पुन्हा त्याच ठाण्यात पाठवले. २१,०२,००० रुपये ही कोणाच्याच दृष्टीने पुरेशी मोठी रक्कम नाही. ती फक्त माझ्या भविष्य निर्वाह निधीचा मोठा हिस्सा आहे.

गाडी हलली ती इतर केबिनधारक सापडल्यावर. प्रत्येकाच्या २६एएसमध्ये १९४ए हेच कलम निघाले, आणि या रकमा ‘ठेवी’ आहेत, म्हणून ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा, म्हणजे एमपीआयडी, लागू करावा, असा एकत्रित अर्ज वकिलांनी दिला. त्या कायद्यात मालमत्ता जप्तीची तरतूद आहे. त्यानंतरच आमचे जबाब घेण्यात आले.

कार्यालयाच्या जागेत हिस्सा देऊ करणाऱ्याला सेबीची नोंदणी विचारा. मार्च २०२४ पासून लहान व मध्यम रीटसाठी, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या मालमत्तांत गुंतवणाऱ्या न्यासांसाठी, नियम आहेत आणि त्यांत किमान गुंतवणूक १० लाखांची आहे. आणि असा नोटरी करार ज्यांच्याकडे आधीच असेल त्यांनी आजच त्या वर्षांचे २६एएस आणि फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएसचे प्रमाणपत्र, उतरवून ठेवावेत. ‘परताव्यासाठी मूळ करार जमा करा’ असा संदेश आम्हा सर्वांना आला होता, ज्यांनी तो जमा केला त्यांच्या हातात आता फक्त झेरॉक्स आहे, आणि जबाबाच्या वेळी अधिकाऱ्याने सर्वांत आधी मूळ प्रतच मागितली.