नौपाड्यातून मॉरिशस: एका सहलीचा अभिप्राय

ठाण्यात नौपाड्यातील एका पर्यटन कंपनीतर्फे आम्ही उभयता नुकतीच सात दिवसांची मॉरिशसची सहल करून आलो. विमान, हॉटेल आणि शाकाहारी जेवण यांची व्यवस्था चोख होती. माझी तक्रार आहे ती कार्यक्रमाच्या आखणीबद्दल.

समुद्रकिनारे, नौकाविहार आणि खरेदी यांना चार दिवस दिले होते, तर राजधानी पोर्ट लुई येथील आप्रवासी घाटाला, म्हणजे हिंदुस्थानी मजूर जेथे उतरवले जात त्या जुन्या धक्क्याला, जेमतेम चाळीस मिनिटे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून ३६ हिंदुस्थानी मजूर या बेटावर उतरले. पुढच्याच वर्षी तेथील गुलामगिरी संपली, पण उसाच्या मळ्यांना माणसे लागतच होती, आणि म्हणून करारावर आणलेल्या जवळपास पाच लाख लोकांची रीघ विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालू राहिली. त्यांत बहुसंख्य बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशाकडचे असले, तरी कोकणातून आणि साताऱ्याकडूनही माणसे गेली. ज्या दगडी पायऱ्यांवरून ती चढली, त्या घाटाला २००६ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथे मराठी प्रवाशाला घड्याळाकडे पाहत उभे राहावे लागू नये.

ही उणीव पुष्कळशी भरून काढली ती आमच्या चालकाने. तो मराठी वंशाचा. घरी क्रिओल ही तेथील फ्रेंचवरून घडलेली बोली बोलणारा, शाळेत मराठी शिकलेला. उसाच्या शेतांमध्ये रचलेले काळ्या दगडांचे ढीग त्याने गाडी थांबवून दाखवले. बेट ज्वालामुखीतून वर आलेले असल्यामुळे जमीन बेसॉल्टची आहे, आपल्या सह्याद्रीसारखीच, आणि लागवडीसाठी ते दगड मजुरांनी हातांनी वेचून बाजूला रचले. १९६८ च्या स्वातंत्र्यानंतर कापडउद्योग, पर्यटन आणि वित्तसेवा वाढल्या, तरी ऊस अजून डोळ्यांत भरतो. गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते, हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता.

तेथील हिंदूंचे तीर्थ असलेल्या गंगा तलावाची भेट पुरेशी निवांत होती. शामारेलची रंगीत माती मात्र उन्हात घाईघाईने उरकली.

परतल्यावर मी कंपनीला लेखी कळवले आहे की खरेदीचा एक दिवस कमी करून पोर्ट लुईला पूर्ण सकाळ द्यावी, आणि घाटाच्या माहितीकेंद्रात मराठीतून समजावून सांगणारी व्यक्ती सोबत असावी.