ऑस्कर पीटरसन ट्रिओ प्लस वन: पाहुण्यासाठी घ्या ही सीडी

नावात ट्रिओ जॅझ पियानोवादक ऑस्कर पीटरसनचा आणि ट्रम्पेटवादक क्लार्क टेरी नुसता 'प्लस वन', पण मैफल पाहुणाच मारून नेतो. रेकॉर्डिंग 1964 चं, बासवर रे ब्राऊन, ड्रम्सवर एड थिगपेन, म्हणजे साथीबद्दल बोलायलाच नको. पीटरसनला एरवी भरपूर सूर वाजवायची हौस, इथे तोही जरा हात आवरून वाजवतो असं मला तरी वाटलं.

टेरी ट्रम्पेट आणि त्याचं भावंड म्हणावं असं फ्लुगलहॉर्न, दोन्ही वाजवतो. फ्लुगलहॉर्नचा आवाज जास्त गोल आणि मऊ, आणि जॅझमध्ये ते वाद्य रुजवण्यात याचा मोठा वाटा आहे. आय वॉन्ट अ लिटल गर्ल ऐका, फुंकतोय असं वाटतच नाही, गप्पा मारतोय असं वाटतं. फास्ट जागांमध्येसुद्धा एकेक सूर सुटा ऐकू येतो आणि तरी कुठे धक्का बसत नाही. जिभेने 'डूडल डूडल' म्हणत सूर काढायची जी पद्धत तो शिकवायचा ती हीच, डूडल टंगिंग म्हणतात तिला.

आणि शिकवलं तरी किती जणांना! ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसला पोरवयात याने हाताशी धरलं, पुढे मोठा संगीतकार झालेला क्विन्सी जोन्स शाळकरी असताना हा काऊंट बेसीच्या बँडमध्ये वाजवत होता, रात्रभर वाजवून सकाळी त्याला शाळेआधी शिकवायचा. स्वतः सेंट लुईसच्या गरीब घरातला, पहिलं वाद्य म्हणजे बागेचा पाइप आणि नरसाळं जोडून केलेला भोंगा. पुढे ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये 1951 ते 59, मग 1960 मध्ये एनबीसी या अमेरिकन टीव्ही-रेडिओ कंपनीच्या पगारी वादकांमधला पहिला कृष्णवर्णीय. तर ते असो.

मंबल्स हे गाणं धमाल आहे, जुन्या ब्लूज गायकांचे शब्द कळायचे नाहीत त्याची नक्कल करत हा काहीतरी अगम्य बडबडतो आणि लय मात्र तसूभरही सोडत नाही. पण इन्कोहेरंट ब्लूजमध्ये परत तोच प्रकार संथ लयीत आहे, तो मला एकदा ऐकून बास झाला, त्याऐवजी अजून एक फ्लुगलहॉर्न चाललं असतं.

मी ऑनलाइन मागवली तर डबी फुटून आली, डिस्क ठीक होती म्हणून परत नाही पाठवली. ट्रम्पेट शिकणाऱ्यांनी तर डोळे झाकून घ्या.