आठवड्याचा स्वयंपाक: गुरुवारी सकाळी कोणती पद्धत टिकते?

शनिवारी बाजार करून घरी आलं की कुठलीही पद्धत चांगलीच वाटते. पिशवीत मेथी ताजी असते, रविवारची सुट्टी समोर असते, मटणाचा बेत ठरलेला असतो. खरी पारख गुरुवारी सकाळी होते. बाजार होऊन पाच दिवस झालेले, पालेभाजी संपलेली, वार असल्यामुळे अंडंसुद्धा चालत नाही आणि साडेसातला तीन डबे भरायचे असतात. चार पद्धती आमच्या घरात कमी-जास्त दिवस चालवून झाल्या. त्या इथे गुरुवारच्या सकाळवरच तोलते.

आधी घर कसं आहे ते सांगते, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. माणसं सहा. नवऱ्याची बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शिफ्ट, माझी शाळेची नोकरी, दोन मुलं आणि सासू-सासरे. सासूबाई अथणीकडच्या, त्यांना ज्वारीची भाकरी नसली तर जेवल्यासारखं वाटत नाही. माझं माहेर खानापूरकडचं, तिथे भाताशिवाय पान पूर्ण होत नाही. मुलांना डब्यात चपाती लागते. म्हणजे एका चुलीवर तीन प्रांत!

कुठली पद्धत घ्यायची हे ठरवण्याआधी कंटाळा नेमका कशाचा येतो ते बघा. 'आज काय करू' या विचाराचा, सामान आणण्याचा, की लाटण्या-थापण्याचा? मी दोन वर्षं पहिल्यावर औषध शोधत होते आणि दुखणं तिसरं होतं.

पहिली पद्धत सगळ्यांना सुचते ती, पूर्ण तक्ता. सात दिवस, तीन वेळा, एकवीस चौकोन, फ्रिजवर चिकटवलेले. मोबाइलवरची ॲपं हेच करतात, फक्त त्यांना संकष्टी आणि एकादशी माहीत नसते. तक्त्याचा मोठा फायदा असा की यादी आपोआप निघते आणि घरातलं कुणीही बाजार करू शकतं. तोटा असा की एक चौकोन चुकला की खालचे सगळे घसरतात. मंगळवारी पाहुणे आले, बुधवारची भाजी मंगळवारीच संपली, की गुरुवारी तक्त्यात 'भरली वांगी' लिहिलेलं असतं आणि टोपलीत दोन बटाटे असतात. वर अपराधी वाटतं ते वेगळंच. ज्यांच्या घरी वेळा पक्क्या आहेत, पाहुणा कळवून येतो, त्यांनी तक्ता जरूर करावा. आमच्याकडे तो तिसऱ्या आठवड्यात फाटला.

दुसरी पद्धत म्हणजे पदार्थ न ठरवता वार ठरवणं. आपल्याकडे निम्मं काम आधीच झालेलं असतं. बहुतेक घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार शाकाहारी. बुधवार, शुक्रवार, रविवार सामिष. मग उरलेल्या दिवसांना फक्त एक जात द्यायची: सोमवारी फळभाजी, मंगळवारी झुणका किंवा पिठलं, गुरुवारी उसळ, शनिवारी खिचडी किंवा आमटी-भात. उसळ मुगाची की मटकीची हे मंगळवारी रात्री भिजत घालायचं असतं तेव्हा ठरवलं तरी चालतं.

तक्ता आणि वार यांतला फरक इथे दिसतो. तक्ता बाजारात काय मिळालं ते विचारत नाही, वार विचारतो. शिवाय वारांना भाजीच्या टिकण्याचा क्रम जोडता येतो. शनिवारी आणलेली मेथी, पालक, शेपू, कांद्याची पात रविवारपर्यंत संपवायची. सोमवार-मंगळवारी भेंडी, दोडका, गवार, वांगी. त्यापुढे कोबी, भोपळा, बटाटा, रताळं, कारण ती थांबतात. गुरुवारी भाजीची टोपली रिकामी असली तरी कडधान्याचा डबा भरलेला असतो. उचगाव-कंग्राळीकडचं रताळं आणि बटाटा हंगामात भरपूर असतो, त्यामुळे आठवड्याच्या शेवटाला आधार मिळतो.

या पद्धतीला एक अट आहे: भिजत घालायची आठवण. मूग-मटकीला आठ तास भिजायला, पुढे फडक्यात बांधून मोड यायला दिवसभर लागतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर, इथल्या डिसेंबर-जानेवारीत मोड यायला दोन दिवसही लागतात. तेव्हा गुरुवारच्या उसळीचे मूग सोमवारी रात्रीच पाण्यात पडले पाहिजेत. विसरलात तर मसूर आहे. तो न भिजवताही शिजतो.

तिसरी, रविवारी सगळी तयारी करून ठेवणं. हिच्यावर मी सर्वांत जास्त रविवार घालवले. कांदा-सुकं खोबरं भाजून केलेलं वाटण फ्रिजमध्ये आठवडा काढतं; ओल्या नारळाचं दोन-तीन दिवसांत आंबूस होतं, ते बर्फाच्या साच्यात गोठवावं. सोललेला लसूण, निवडून कोरड्या कागदात गुंडाळलेली कोथिंबीर, चिंचेचा कोळ हे सगळं टिकतं. इथपर्यंत ही पद्धत सोन्यासारखी आहे.

पण हौसेने भाज्याच शिजवून ठेवायला लागलात की अडचण. शिजवलेली भाजी तीन दिवस ठीक, म्हणजे रविवारचं बुधवारपर्यंत. गुरुवारला ती पोचतच नाही. भाताचं तर आणखी जपावं लागतं. शिजलेला भात बाहेर राहिला तर त्यात जे जिवाणू वाढतात त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तो दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी संपला पाहिजे. पावसाळ्यात दुपारभर वीज गेली की रविवारी रांधलेल्या डब्यांकडे बघत बसायचं. इडलीचं पीठ दळून ठेवणं मात्र फायद्याचं आहे: एक दळण, दोन नाश्ते, तिसऱ्या दिवशी उत्तप्पे. थंडीत पीठ फुगत नसेल तर भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वरून झाका.

रविवार जातो, हाही हिशेब धरा. पाच तास उभं राहून पाच दिवसांचे रोजचे वीस मिनिटं वाचवले, तर वाचलं काय? मी आता रविवारी फक्त पाऊण तास देते: वाटण, लसूण, कोथिंबीर. बस्स.

चौथी, बाहेरची मदत. हिच्याबद्दल आपल्याकडे उगाच कुजबुज असते. पूर्ण डबा लावणं आणि फक्त भाकरी-चपाती विकत घेणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही एक महिना एकीकडे डबा लावला होता. पहिला आठवडा छान गेला, दुसऱ्यापासून रोज तीच बटाट्याची पातळ भाजी, वर तेलाचा तवंग. सासऱ्यांना डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलेलं, ते सांगायचं कुणाला? डबा एकट्या माणसाला, शिकायला आलेल्या मुलाला बरा. सहा माणसांच्या घराला महागही पडतो आणि तोंडालाही लागत नाही.

भाकरीचं मात्र तसं नाही. ज्वारीच्या पिठात चपातीसारखा चिवटपणा नसतो, म्हणून उकळतं पाणी घालून मळून लगेच थापावी लागते. पीठ आठ-दहा दिवसांचं झालं की विरी जाते आणि कडा फाटतात. म्हणजे आधी करून ठेवायची सोय नाही. चपातीची कणीक निदान रात्री मळून फ्रिजमध्ये राहते. सकाळचा वेळ खातं ते हेच काम, भाजी नव्हे. नऊ भाकऱ्या आणि बारा चपात्या एका तव्यावर, घड्याळ लावून बघा एकदा.

यावर उत्तर आपल्याच भागात आहे, कडक भाकरी. अथणी, गोकाक, सौंदत्तीकडे घरोघर होणारी, पापडासारखी पातळ, कोरड्या डब्यात पंधरा दिवसही राहते. शहरात आता बायका गटाने करून विकतात. शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, दही आणि उसळ असली की गुरुवारचं जेवण लागलं. पावसाळ्यात मात्र ती सादळते. थोडीच आणावी आणि तव्यावर परत शेकावी. सासूबाईंनी पहिल्या दिवशी 'विकतची भाकरी?' म्हणून तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी आमटीत चुरून खाल्ली.

बाजार एकदाच मोठा की दोनदा छोटा, हे तुम्ही राहता कुठे यावर आहे. जून २०२३ पासून कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही, त्यामुळे खानापूरकडची माझी वहिनी बुधवारीही पटकन बेळगावला येऊन भाजी नेते. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या माझ्या नणंदेला एसटीत अर्धं तिकीट पडतं, ती म्हणते एकदाच काय ते आणते. ज्यांना मधला बाजार जमतो त्यांना गुरुवारची एवढी धास्ती नको.

मग घ्यायचं काय? भात खाणारं घर असेल, लाटणं-थापणं कमी असेल, तर वार ठरवा आणि रविवारी वाटण करा. विकत काही आणायची गरज नाही. ज्वारी-चपातीचं घर असेल आणि दोघंही नोकरीला असतील, तर पहिले पैसे भाकरीवर खर्च करा, तक्त्यावर डोकं नंतर. घरात आजी-आजोबा स्वयंपाकात हात लावणारे असतील तर त्यांना विचारल्याशिवाय वारसुद्धा ठरवू नका. आमच्याकडे मंगळवारचं पिठलं सासऱ्यांनी मागून घेतलं, म्हणून ते टिकलं.

आमच्या फ्रिजवर आता सात ओळींचा कागद आहे, प्रत्येक ओळीत एक शब्द. श्रावण लागला की बुधवार, शुक्रवार आणि रविवारच्या ओळी खोडते, आणि शेजारी पेन्सिलीने अळू, भोपळा, डाळिंब्या लिहून ठेवते. गणपती गेले की खोडरबर.