हेडच्या कामात स्प्रिंग आणि शिमचे पैसे घेतले, टाकलं काहीच नाही – ठाण्यातल्यांनी वाचा

इंजिनचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात तो वरचा भाग, कामाला टाकणार असाल तर हे आधी वाचा, कारण ही लबाडी अशा जागी होते जिथे गिऱ्हाईक बघायलाच जात नाही, वरचं कव्हर एकदा लागलं की आत नवीन माल आहे का जुनाच घासून टाकलाय ते कोण उघडून बघतंय.

माझी 2008 ची जिप्सी, 1298 सीसी, 16 व्हॉल्व्हवाली. सकाळी स्टार्ट केली की निळा धूर आणि ऑइल खायला लागली होती म्हणून वागळे इस्टेटमधल्या एका हेडवाल्याकडे दिलं, नाव इथे टाकत नाही कारण तक्रार चालू आहे. गाईड, सील, सीट कटिंग, फेसिंग आणि शेवटी बिलात वेगळी लाइन, 'नवीन स्प्रिंग 16 नग, शिम टाकून हाइट सेट', त्याचेच 7,800 रुपये. शिम म्हणजे स्प्रिंगखाली टाकायची पातळ चकती. जुने स्प्रिंग मागितले तर लगेच पिशवीत घालून दिले.

धूर गेला, गावात गाडी मस्त चालायची. पण कसारा घाटात सेकंडला ओढली की वरच्या आरपीएमला फटफट, मिसिंग, दमच सोडून द्यायची आणि पाय जरा काढला की परत नॉर्मल. शेठ म्हणे, "साहेब हेड तर नवीन करून दिलंय, तुमचा पंप गेलाय." पंप बदलला, मग प्लग, मग कॉइल, सगळं त्यानेच सांगितलेल्या दुकानातून, आणि फरक शून्य.

शेवटी कळव्याच्या एका जुन्या मशीनिस्ट काकांनी हेड उतरवलं. त्यांनी जे समजावलं ते सांगतो, कारण हे कुणी सांगतच नाही. सीट म्हणजे व्हॉल्व्ह बंद झाल्यावर टेकतो ती कडा, तिचं कटिंग केलं की व्हॉल्व्ह थोडा आत बसतो, म्हणजे दुसऱ्या बाजूला त्याची दांडी तेवढीच वर येते आणि तिच्यावरची वाटी, म्हणजे रिटेनर, तोही वर जातो. आता स्प्रिंगला जागा, म्हणजे हाइट, जास्त मिळाली, स्प्रिंग कमी दबला, दाब कमी झाला. समजा स्प्रिंगचा रेट मिलिमीटरला 3 किलो आहे आणि हाइट दीड मिलिमीटर वाढली तर साडेचार किलो दाब गेला. हळू चालवताना कळत नाही पण इंजिन जोरात फिरलं की व्हॉल्व्ह, त्याला ढकलून उघडणाऱ्या कॅमच्या मागोमाग वेळेवर बंदच होत नाही, काही इंजिनात तर पिस्टनवर आदळतो. म्हणून स्प्रिंगखाली शिम टाकून हाइट परत कंपनीच्या मापाला आणायची, आणि प्रत्येक सीट सारखी कापली जात नाही म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हची वेगळी मोजायची.

माझ्या हेडमध्ये शिम किती निघाले? एकही नाही! सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त हाइटमध्ये 1.4 मिमी फरक. स्प्रिंग बाहेरून चकचकीत पण वेढ्यांच्या आतल्या बाजूला जुन्या ऑइलचा काळपट तपकिरी थर तसाच, आणि मोकळी लांबी मॅन्युअलच्या लिमिटपेक्षा कमी. मग काकांनी ती पिशवी मागितली, त्यातला एक स्प्रिंग टेबलावर उभा केला आणि माझ्या गाडीची वाटी त्यावर ठेवली, तर वाटी सरळ आत खाली पडली. "दादा, हे तुमच्या गाडीचेच नाहीत." म्हणजे माझेच जुने स्प्रिंग पॉलिश मारून आत, आणि मला दाखवायला कुठल्यातरी दुसऱ्याच इंजिनाचं भंगार. मला पैशापेक्षा याचा जास्त राग आला, कारण हे चुकून होत नाही, हे ठरवून केलेलं आहे.

तर हेड देताना जुन्या स्प्रिंगला आधीच पेंटचा ठिपका लावा आणि फोटो काढा. बंद करायच्या आधी समोर मोजायला लावा: स्प्रिंग काढून फक्त व्हॉल्व्ह, वाटी आणि वाटीला दांडीवर धरून ठेवणारे लॉक लावायचे, व्हॉल्व्ह वर घट्ट ओढून धरायचा आणि स्प्रिंगच्या बैठकीपासून वाटीच्या खालच्या बाजूपर्यंत माप घ्यायचं. सगळ्या व्हॉल्व्हचं रीडिंग कागदावर लिहून घ्या, जो खरंच मोजतो त्याला लिहून द्यायला काही जड जात नाही. आणि उलटं पण बघा, कुणी अंदाजाने जाड शिम ठोकले तर फुल लिफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की, स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि कॅम, रॉकर खराब होतात, तेव्हा साधारण दीड मिमी तरी मोकळं राहायला पाहिजे.

या सगळ्याचा व्हिडिओ घेऊन वागळेच्या शेठकडे गेलो तर "पोराकडून राहिलं असेल" म्हणाला, शिमचे पैसे हातावर ठेवले, स्प्रिंगबद्दल ब्र नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे, पुढे ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. त्याला दोन वर्षांची मुदत असते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, फक्त पक्कं बिल पाहिजे. वागळे, कळवा, तुर्भे साइडला अजून कुणाला हेडच्या कामात असा अनुभव आला असेल तर बिल आणि काढलेले पार्ट फेकू नका, मला कळवा, एकत्र तक्रार करू.