घरी कुत्र्याचे केस कापायची स्वस्त कात्री: आठ महिन्यांनंतर

आमचा पेढा शिट्झू आहे. या जातीचे केस माणसासारखे वाढतच राहतात, महिना-दीड महिन्यात डोळ्यांवर येतात. बाहेर एका वेळेला बाराशे रुपये जायचे, म्हणून साडेसातशेचा सेट मागवला. एक सरळ सात इंची कात्री, एक वाकड्या पात्याची, एक दातांची, एक लहान गोल टोकाची आणि स्टीलची फणी.

यातल्या दोनच गोष्टी पैसे वसूल करून गेल्या: लहान कात्री आणि फणी. डोळ्यांजवळ, तोंडाभोवती, पंजाच्या गाद्यांमधले केस काढताना पेढ्या एकदा तरी झटका देतोच. टोक गोल असलं की काळजाचा ठोका चुकत नाही.

सरळ कात्रीनं मात्र पहिल्याच महिन्यात घोळ झाला, अर्थात चूक माझीच. कानामागे जट झाली होती. तिच्यात कातडी ओढली गेली होती हे मला दिसलंच नाही आणि कानाची कड कापली गेली. जखम नखाएवढी, पण पेढ्या मान झटकत होता आणि भिंतीपर्यंत रक्ताचे शिंतोडे. स्वच्छ कापड दाबून धरलं, मग दवाखाना. डॉक्टरांनी सांगितलं, जट कात्रीनं कापायचीच नाही. बोटांनी सोडवायची, फणीनं टोकाकडून मुळाकडे यायचं. अगदीच सुटत नसेल तर मशीन वापरा, नाहीतर आमच्याकडे आणा. तेव्हापासून आधी फणी, मग अंघोळ, मग टॉवेलनं पुसून पूर्ण वाळवणं (टॉवेलला सोलापुरात काय तोटा!) आणि शेवटी कात्री. मळक्या केसांतली धूळ पात्याची धार खाते, हेही तेव्हाच कळलं.

दोन महिन्यांत सरळ कात्री केस कापायच्या ऐवजी दुमडायला लागली. मी फेकायलाच निघालो होतो. शेजारचे काका युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंगला होते. त्यांनी हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, "धार हाय की अजून, स्क्रू ढिला झालाय बग." एक कडी धरायची, दुसरं पातं काटकोनात उघडून सोडायचं. धप्पकन मिटलं तर ढिली, हललंच नाही तर घट्ट. अर्धवट येऊन थांबलं पाहिजे. स्क्रू पाव फेरा आवळला, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला, आणि कात्री पुढं चार महिने चालली. नंतर आईनं त्याच कात्रीनं शेंगा चटणीचं पाकीट कापलं. मग रस्त्यावरच्या धारवाल्याकडे दिली, त्यानं सहाणेवर ठिणग्या उडवत पातंच झिजवलं. आता ती कायमची स्वयंपाकघरात आहे.

दातांची कात्री सेटमधली घेऊच नका. केस ओढते, आणि ओढलं की कुत्रं पुढच्या वेळी कात्री बघूनच पलंगाखाली. मी नंतर नऊशेची एकच वेगळी घेतली. कापल्यावर राहणाऱ्या पायऱ्या ती अशी मिटवते की हात शिकाऊ आहे हे कळत नाही. पुन्हा घ्यायची वेळ आली तर ही एक, गोल टोकाची एक आणि फणी, एवढंच घेईन. घेताना कड्यांत बोटं नीट बसतात का बघा. माझा अंगठा जाड, सरळ कात्रीत रुतायचा, वीस मिनिटांत वळ उठायचा.

उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसवर गेला तेव्हा सगळे म्हणाले, टक्कल करून टाक. नाही केलं. इंचभर केस ठेवले, उघड्या कातडीला ऊन थेट लागतं. पोटाखालचे तेवढे बारीक केले, फरशीवर पसरून झोपायला बरं.

वाकड्या पात्याची कात्री? आठ महिन्यांत दोनदा हातात घेतली, दोन्ही वेळा पेढ्याच्या शेपटीजवळ खड्डा पडला.